हँड ड्रायरपाशी

बर्मिंगहॅमला आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला भाषणासाठी बोलावलेली ती इथेच जन्मलेली, तिशीतली मुलगी. स्वतःच्या आजारावर गावोगाव बोलत फिरायची. आम्ही आपला 'सकारात्मक विचार' असा सोज्वळ विषय ठरवला होता. तिने माइक घेतला, बाळाला थोपटावं तसं साडीवरून पोट थोपटलं आणि म्हणाली, "माझं आतडं आजारी होतं, कापलं. आता शी इथे पिशवीत येते. तुम्ही खा ना, तिळगूळ मस्त आहे!"

अध्यक्षीणबाईंचा घास तोंडातच राहिला.

"काही प्रश्न?"

एकही नाही. सगळ्यांची पोटं एकदम ठणठणीत!

मग लेडीज टॉयलेटला ही भली मोठी रांग. ती आत हँड ड्रायरला टेकून उभी. एखादी काकू हळूच काही विचारायला आली, की ती कोपराने ड्रायर चालू करायची. त्या घरघरीत मागच्यांना काही ऐकू जायचं नाही. अध्यक्षीणबाईंना तर ड्रायर तीनदा लागला.

"भाषण म्हणजे नुसती जाहिरात," ती मला म्हणाली. "दुकान इथे असतं."

"मला फक्त हात वाळवायचेत," मी ठसक्यात सांगितलं.

तिने माझ्या कोरड्या हातांकडे पाहिलं, ड्रायर चालू केला आणि म्हणाली, "बोला, काकू."