सर्व्हर बदलणारा माणूस

मुरबाडला आमचं जमीन मोजणीचं खासगी ऑफिस आहे. तिथले कॉम्प्युटर बघायला किन्हवलीहून एक जण येतो. "होईल" हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तो "बघू" म्हणतो आणि मान खाजवतो. 

सगळे नकाशे ज्यात होते तो जुना सर्व्हर मध्येच बंद पडायला लागला, तेव्हा साहेबांनी त्याच्या जागी मध्यम किमतीचा साधा कॉम्प्युटर आणला. फायली नव्यात जाईपर्यंत हा जुन्याच्या पंख्याला कान लावून बसला होता. चहावर साय धरली.

"झालं ना? आता जुन्यातलं सगळं पुसून टाक. भंगारवाला थांबलाय," साहेब म्हणाले.

"नाय पुसणार, साहेब. आदी तुमी नव्यावर काम करून बघा."

"मग मी दुसऱ्या कुणाला बोलावतो."

"बोलवा." त्याने मान खाजवली. तरी त्याने सर्व्हर उचलून कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

हल्ली रोज दुपारी त्याचा फोन येतो. "ताई, नकाशे उघडतात ना?"

मी हो म्हणते, आणि फोन ठेवल्यावर आणखी एक नकाशा उघडून बघते.