सशाचं मुसकं

जनावराचं दुखणं आमच्या घरात कुणाला ओळखता येत नाही, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले. पाठमोरे बसून, नुसतं खोकणं ऐकून ते कळपातली कोणती मेंढी खोकली ते सांगायचे. पोट फुगलेल्या शेळीसाठी, आडव्या आलेल्या कोकरासाठी चार गावांची माणसं त्यांना बोलवायला यायची. आणि तरीही एका मूठभर सशानं आम्हा दोघांना सोनपेठहून पार झरीपर्यंत पळवलं.

आधी कबुली देते. मामांची मेंढरं मी विकायला लावली. त्यांचे गुडघे गेले होते, बांधावरून दोनदा पडले होते, हे सगळं खरं. पण घोषा माझा होता. मी शाळामास्तरीण, माझं ऐकायची घरात सगळ्यांना सवयच लागली आहे. नवऱ्यानं मान हलवली, गिऱ्हाईक आलं आणि एका सकाळी मेंढरांचं वाडगं रिकामं झालं. मामा आमच्याकडे सोनपेठला राहायला आले. पहाटे चारला उठायची सवय काही गेली नाही. उठून ओट्यावर बसायचे आणि रस्त्याकडे बघत राहायचे. दोन भाकरीची एक झाली. त्यानंतरही कुणी शेळी बघायला बोलवायला आलं तर म्हणायचे, "आता माझ्या हाताला काय बी कळंना गेलंय. दुसरं कुणी बघा." मी आत भांडी घासत हे ऐकायचे आणि भांड्यांवर राग काढायचे.

अशात आमच्या शाळेतल्या एका बाईंची बदली झाली आणि त्यांनी जाता जाता पिंजऱ्यासकट आपला ससा माझ्या गळ्यात मारला. मला काही त्याची हौस नव्हती. दोन दिवसांत कुणाला तरी देऊन टाकू असं ठरवून मी पिंजरा ओट्यावर ठेवला. मामांनी पहिल्या दिवशी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "हे उंदराच्या जातीचं का मांजराच्या?" तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर पिंजरा उलटा करून भिंतीला लावलेला, परसात तट्ट्यांचं कुंपण घातलेलं आणि मामा मधोमध बसून सशाचे दात बघत होते. त्या रात्री त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. ससा कुणाला द्यायचा विषय मी परत काढला नाही.

त्याला नाव ठेवलं नाही. मेंढराला नाव ठेवायची त्यांची रीत नव्हती. ते त्याला 'लेकरू' म्हणायचे. सकाळ-संध्याकाळ बांधावरची हराळी उपटून आणायचे, आणि कोकराला तयार करायला देतात तसा खुराकही सुरू केला: भिजवलेले हरभरे, ज्वारी, वर भाकरीचा चुरा. ओट्यावर रस्त्याकडे बघत बसणं बंद झालं. मला वाटलं, सुटले मी एकदाची पापातून.

मग एका पहाटे मामांनी सशाला आपलीच लेंडी खाताना पाहिलं. नेहमीची कोरडी गोळी नव्हे, मऊ, ओलसर, द्राक्षाच्या घडासारखी चिकटलेली. ससा खाली वाकून ती थेट तोंडात घेत होता. मामा हादरले. कोकरू माती किंवा लेंड्या खायला लागलं की त्याच्या पोटात जंत आहेत नाहीतर अंगात कस नाही, हे मेंढपाळाला कुणी शिकवावं लागत नाही. त्यावर पहिला उपाय म्हणजे तोंडाला मुसकं. मळणीच्या बैलाला बांधतात तेच, फक्त कोकराच्या मापाचं. मामांनी माझ्याकडे क्रोशाचा दोरा मागितला. मी दिला, वर रंगही विचारला. त्यांनी एका दुपारी बसून लिंबाएवढं मुसकं विणलं, कानांमागं गाठ येईल असं. इतकं देखणं काम होतं की मी शेजारणींना बोलावून दाखवलं. रोज पहाटे ते बांधायचं, ऊन वर आलं की सोडायचं. ससा पायानं ओरबाडायचा, पण साठ वर्षं गाठी मारलेल्या हातांपुढं त्याचं काय चालणार.

लेंडी खाणं बंद झालं. मामा खूश झाले, मीही झाले. आणि तीन आठवड्यांत ससा वाळायला लागला.

पाठीचं हाड हाताला लागायला लागलं. केस राठ झाले. मामांनी खुराक वाढवला तसा तो आणखीच मलूल झाला. मी परभणीला एका कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात घेऊन गेले, मामा बरोबर होतेच. तिथल्या माणसानं टोपलीचं झाकण उघडलं, सशाला दोन्ही कान धरून वर उचललं आणि गाजर देत जा, असं सांगितलं. मामांनी दोन्ही हात खाली लावून सशाला घेतलं, टोपलीत ठेवलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी शक्तीच्या थेंबांची बाटली घेऊन त्यांच्या मागं निघाले. एसटीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले की ज्याला जनावर धरता येत नाही त्याला ते बरंही करता येत नाही.

त्यानंतर सल्ल्यांना ऊत आला. ज्याच्या घरी कधी चिमणीनं घरटं केलं नव्हतं तोही सांगायला लागला. कुणी ओवा दे म्हणालं, कुणी गूळपाणी. शाळेतल्या एका गुरुजींनी मोबाइलवर बघून बर्फाची लादी ठेवा असं सांगितलं, तेही माघाच्या थंडीत. मला राग आला तो एका गोष्टीचा: सगळे सांगत होते, विचारत कुणीच नव्हतं. तेव्हा मी मनाशी ठरवलं की जो डॉक्टर सांगण्याआधी विचारील तो आपला.

सोमवारी सशानं खाणं सोडलं. हराळीला तोंड लावेना. मामांनी त्याच्यापुढचं सगळं काढून घेतलं. पोट बिघडलं की लंघन, माणसाला काय आणि मेंढराला काय, ही आमच्या घरची शिकवण. मंगळवारी सकाळी मी परस झाडायला गेले तर झाडण्यासारखं काही नव्हतंच. एकही लेंडी नाही. मामा ओट्यावर बसले होते, ससा मांडीवर, आणि नजर परत रस्त्याकडे. म्हणाले, "सूनबाई, माझ्या हातात यशच राह्यलं न्हाई. त्याला देऊन टाकायचं होतं तवाच." मला त्या क्षणी सशापेक्षा मामांची भीती वाटली. ससा गेला असता तर हा माणूस पुन्हा कुठल्या जनावराला हात लावणार नव्हता, आणि तो दोष मी कुणाच्या माथी मारणार होते?

मी किरकोळ रजेचा अर्ज शेजारच्या बाईंच्या हाती दिला आणि आमच्याच गावच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "मॅडम, खोटं सांगत न्हाई, गाई-म्हशीतलं काय बी विचारा. सशातलं मला न्हाई कळत." इतक्या दिवसांत मला भेटलेला हा पहिला शहाणा माणूस. मग ते हसले. त्यांच्यासोबत शिकणाऱ्या एका मुलीनं म्हणे हॉस्टेलच्या खोलीत ससा लपवून पाळला होता. दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही, पकडली गेली तेव्हा माफीनामा लिहून द्यावा लागला. आता ती झरीला जनावरं बघते. मी म्हटलं, हेच प्रमाणपत्र मला पाहिजे. त्यांनी नंबर दिला.

दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला. मी म्हटलं, ससा खात नाही, आणि मुद्दाम गप्प बसले. पलीकडून प्रश्न आला, "लेंड्या किती पडल्या?" मी म्हटलं, एकही नाही. "कालच्या केवढ्या होत्या? नेहमीएवढ्या का बारीक?" बारीक. "दात खातोय का? पोट टच्च लागतंय का मऊ?" मी एकेक उत्तर देत गेले आणि माझे डोळे भरून आले, कारण हे सगळं मला माहीत होतं आणि कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "सशाला लंघन चालत न्हाई, ताई. त्याचं पोट थांबलं की तो थांबला. काढलेलं गवत परत समोर ठेवा आणि असाल तशा निघा."

सोनपेठहून परभणीची एसटी, तिथून झरीची जीप. टोपली मामांच्या मांडीवर. सबंध वाटेत त्यांचा हात टोपलीत होता. झरीला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. डॉक्टरीण बाई तिशीच्या, पायात गमबूट, नुकत्याच कुणाच्या म्हशीकडून आलेल्या. हात धुऊन त्यांनी टोपली उघडली, एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली घालून सशाला उचललं. मी मामांकडे पाहिलं. मामांचे खांदे खाली आले. बाई परीक्षा पास झाल्या होत्या.

बाईंनी पोट चाचपलं, दात पाहिले, कानाला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग बोट सशाच्या कानामागं गेलं आणि तिथंच थांबलं. तिथले केस झडून बारीक रेघ पडली होती. त्यांनी विचारलं, "हे कशानं घासलंय?"

मामांनी कोपरीच्या खिशातून मुसकं काढून टेबलावर ठेवलं. अभिमानानं ठेवलं. ससा आपलीच घाण खायला लागला होता आणि आपण ती खोड कशी मोडली, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. मी बाईंच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना क्षणात सगळं कळलं होतं. मलाही त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मला वाटलं, आता या बोलतील आणि म्हातारा इथंच बसल्या जागी मोडेल.

बाईंनी मुसकं हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. म्हणाल्या, "काम लय नामी हाय, मामा. एक सांगा, तुमच्या मेंढीला रवंथ करू दिलं न्हाई तर?"

मामा म्हणाले, "मरंल की."

"ह्याला मेंढीसारखी चार पोटं न्हाईत. एकदा खाल्लेलं पुरतं पचत न्हाई. मग ती मऊ लेंडी तो परत खातो, तवा त्यातला कस अंगाला लागतो. हाच त्याचा रवंथ."

मामा सशाकडे बघत होते. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. मग त्यांनी हात पुढं करून ते मुसकं परत घेतलं आणि हळूच म्हणाले, "म्हंजी मीच रवंथ बंद केला होता."

"तुमाला कुणी सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "आता सांगितलं. आता तुमीच त्याला वाचवायचंय, मला न्हाई जमायचं. दोन-दोन तासांनी पाजावं लागंल, तोंडाच्या कडंनं, ठसका लागू न देता. येतं का तुमाला?"

येतं का! त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारला होता! सशाला सुई टोचल्यावर बाईंनी पातळ लापशीसारखं औषधी खाणं पिचकारीत भरलं. मामांनी खाली फतकल मारली, सशाला उपरण्यात गुंडाळलं, अंगठा दातांमागच्या फटीत ठेवला आणि थेंब थेंब पाजायला सुरुवात केली. ससा चावतही नव्हता, चिरकतही नव्हता, नुसता गिळत होता. बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. म्हणाल्या की हे शिकायला त्यांना हॉस्टेलात दोन वर्षं लागली होती.

खुराक बंद, गवत ढीगभर, गाजर सणासुदीला, असं बजावून त्यांनी आम्हाला चार तास तिथंच बसवून घेतलं. मामांनी दुसऱ्यांदा पाजलं. चारच्या सुमाराला ससा टोपलीत ताठ उभा राहिला, दोनदा अंग ओढलं आणि टोपलीच्या तळाशी एक लेंडी पडली. हरभऱ्याहूनही बारीक. मामांनी ती तळहातावर घेतली आणि दवाखान्यात आलेल्या सगळ्या माणसांना दाखवली. म्हशीवाल्यांना काही कळलं नाही, पण माझा आनंद पोटात मावेना. मी बाईंचे दोन्ही हात धरले आणि भर दवाखान्यात रडले. मला त्याची अजून लाज वाटत नाही.

आठवडाभरात परस पुन्हा झाडण्यासारखं झालं. पहाटे मामा कुंपणाआडून ससा रवंथ करतो का ते बघतात आणि मला चहाबरोबर बातमी देतात.

मागच्या महिन्यात वालूरहून एका बाईंचा फोन आला. झरीच्या डॉक्टरीण बाईंनी आमचा नंबर दिला होता. मी भाकरी थापत होते, मामांनी फोन घेतला. आधी विचारलं, लेंड्या किती पडतात. मग ऐकत राहिले. पलीकडून काय आलं ते मला कळलंच, कारण मामा म्हणाले, "खाऊ द्या त्याला. तो त्याचा रवंथ हाय. मला बी ठावं नव्हतं, मी मुसकं बांधून मारायलाच निघालो होतो." मी या घरात बावीस वर्षं आहे. मामांनी आपली चूक परक्या माणसाला सांगितलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. माझी भाकरी तव्यावर करपली.

मामा उठून उभे राहिले होते. फोन कानालाच. म्हणत होते, "तसं फोनवर न्हाई कळायचं. हात लावून बघावं लागंल. उद्या येतो मी."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, वालूरला जायला सकाळची पहिली गाडी कितीला आहे.