करपण्याआधीचा वास

डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप कामातून गेलीय, या वयात ऑपरेशन झेपायचं नाही. मरायची भीती नाही हो मला. घोर लागला तो एकच, माझ्यामागे लेकीला कोण बघणार? चाळिशीला आली ती. लहानपणी लोक तिला खुळी म्हणायचे. मग मद्रासच्या डॉक्टरीणबाईंनी ऑटिझम म्हटलं आणि वर समजूत घातली की अशा माणसांत काही विशेष गुण असतात. असतात ना! पण नुसते गुण काय चाटायचेत?

नाक मात्र तिचं खरंच विलक्षण. आमच्या कुंभकोणात जुनी घरं अजून कॉफीच्या बिया समोर भाजून, दळून, त्यात चिकोरीच्या मुळांची पूड किती मिसळायची ते सांगून घेतात. बाजारातल्या अशाच एका दुकानात ही भाजणीच्या यंत्राशेजारी उभी राहायची आणि मध्येच "पोदुम" म्हणायची, म्हणजे पुरे. बिया करपायच्या आधीच तिला वास कळे. मुदलाळींनी, म्हणजे मालकांनी, तिला कामालाच ठेवून घेतलं. मी देवापुढे साखर ठेवली. वाटलं, लागली एकदाची मार्गाला.

कसलं काय! ती जेवायला घरी आली होती तेवढ्यात एका लग्नघराची मोठी भाजणी करपली. मालकांनी चिकोरी वाढवून वेळ मारून नेली. संध्याकाळी नवरीचे वडील आले आणि सहज हिलाच विचारलं, कशी झालीय पूड? ही म्हणाली, "करपलीय. चिकोरी जास्त घातलीय."

मालक घरी येऊन सांगून गेले, "अम्मा, नाक सोन्याचं आहे हो, पण तोंडाचं काय करू?" पुन्हा काही बोलावलं नाही. मी तिच्यावर ओरडले, गप्प बसता येत नव्हतं का? तर म्हणे, "त्यांनी विचारलं होतं." कर्म माझं!

मग माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, श्राद्धाला भाऊ-भावजय मद्रासहून आले. जेवणं झाल्यावर मी हिय्या करून विषय काढला. भाऊ म्हणाला, "अक्का, उगाच जिवाला लावून घेतेस. आम्ही आहोत ना! ती आमच्याकडे राहील." भावजयीनं माझा हात हातात घेतला. मला रडूच कोसळलं. किती महिन्यांनी छातीवरचा धोंडा उतरला होता.

लेक तिथंच खाली पुसत होती. ती थांबली.

"मामी, सकाळी विहिरीपाशी तू मामाला म्हणालीस, आत्ता हो म्हणून टाका, अक्कांच्या मनाला बरं वाटेल, नंतर एखादा आश्रम बघू. कुठला आश्रम?"

भावजयीनं हात काढून घेतला. लेक फडकं हातात घेऊन उभीच होती. तिच्या मनात काही राग नव्हता, तिला फक्त आश्रमाचं नाव हवं होतं.