आजोबांच्या गालावरचे वण

आजोबांचा, म्हणजे आईच्या वडिलांचा, आमच्याकडे एकच फोटो होता. ते उमरेडला हातमागावर लुगडी विणत. फोटो वर्षानुवर्षं पेटीत दुमडून पडलेला. एक घडी थेट कपाळावरून गालापर्यंत आलेली, वर असंख्य ओरखडे. मागच्या वर्षी मी तो धरमपेठेतल्या एका दुकानात दुरुस्तीला दिला. त्यांनी चेहरा इतका गुळगुळीत करून दिला, की आईनं हातात घेतला आणि लगेच परत केला.

"हे माहे बाबा नोहेत. त्यांच्या गालावर देवीचे वण होते."

मी ओशाळलो. वहिनी तिथंच बसल्या होत्या. शाळेत कारकून होत्या, आता निवृत्त. कागदपत्रांसाठी घेतलेला एक साधा स्कॅनर त्यांच्या मनीषनगरच्या घरी होता.

"भाऊजी, मूळ फोटो माह्याकडे द्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी शेजारी बसून पाहत होतो. त्यांनी काच पुसली, फोटो पालथा ठेवून स्कॅन केला. मग तोच फोटो आडवा फिरवून पुन्हा, मग डोकं खाली करून, मग दुसऱ्या बाजूला आडवा. असं चार वेळा.

"एकच फोटो चारदा काहून?"

"याचा उजेड एकाच बाजूनं येते. कागदावर घडी, ओरखडा असन तर त्याची सावली पडते. फोटो फिरवला की सावली बाजू बदलते. वण तर फोटोतच उतरले आहेत, ते कसे बदलतीन?"

त्यांनी चारही चित्रं सरळ करून पडद्यावर आळीपाळीनं दाखवली. कपाळावरची रेघ कधी डावीकडून काळी, कधी उजवीकडून. गालावरचे बारीक खड्डे मात्र जसेच्या तसे. नुसतं सांगितलं असतं तर मला पटलं नसतं.

पुढचे तीन आठवडे त्यांनी ज्यांची सावली हलली तेवढेच ओरखडे एकेक करून पुसले. कानाजवळ फोटोचा पापुद्राच निघाला होता. तो भाग पांढराच ठेवला.

"तिथं काय होतं मले माहीत नाही. मनानं कसं भरू?"

नवी प्रत आईनं डोळ्यांजवळ धरली. बोट गालावर ठेवलं. मग वहिनींना म्हणाली, "दाढी करताना इथं वस्तरा लागे वं त्यांले. मग मी तुरटी आणून द्यायची."

वहिनींनी खुर्ची जवळ ओढली. "अजून काय आठवते, आई?"

आई संध्याकाळपर्यंत बोलत राहिली. त्यातलं निम्मंही मी आधी कधी ऐकलं नव्हतं.