ओसरी दिली, मत नाही

मला येताना पाहिलं की आबा ओसरीवरची बाज फिरवून घ्यायचे आणि रस्त्याकडे पाठ करून बसायचे. इंदापूर तालुक्यातल्या कळसला मी नर्स म्हणून नवीनच आले होते. हाक मारली तर न वळताच म्हणायचे, "म्होरं जावा बाई. हितं कुणाला सुई न्हाय लागत."

घरात दुसरं कुणी नव्हतंच. बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली. मुलगा बारामतीला कंपनीत, त्यानं बोलणं टाकलेलं. आबा लहान असताना त्यांचा थोरला भाऊ दवाखान्यात वारला होता. "चालत गेला आन् चौघांच्या खांद्यावर आला," एवढंच ते सांगत. म्हणूनच बायकोच्या छातीत दुखू लागलं तेव्हा मुलगा गाडी आणतो म्हणत असताना आबांनी दोन दिवस काढेच पाजले आणि त्यातच ती गेली.

उपकेंद्राची दुरुस्ती निघाली आणि लसीकरणाला जागा मिळेना. आबांची ओसरी गावाच्या मधोमध. मी भीत भीत विचारलं.

"बसा की. सावलीला कोण न्हाय म्हणतंय? पर माझा इस्वास न्हाय, सांगून ठिवतो."

पहिल्या खेपेला ते दार लावून आत बसले. दुसऱ्या खेपेला पाण्याची घागर भरून ठेवली. पुढं रडणारी पोरं मांडीवर घेऊ लागले. एकदा एक सून घाबरून परत निघाली, तर आबाच ओरडले, "ये गं माघारी! जरा ताप यील, दोन दिसात उतरंल."

मी हसून म्हटलं, "आबा, मत बदललं की!"

ते हसले नाहीत. सगळ्या बाया गेल्यावर म्हणाले, "दवाखाना चांगला म्हणलं, तर ही माझ्यामुळं गेली म्हणावं लागतंय, बाई. म्हणून तर हट्ट धरून बसलोय."

मग त्यांनीच मुलाला फोन लावायला सांगितला. "माझं चुकलं रं. तुझ्या आयला न्यायला पायजे हुतं." पलीकडून नुसतं "बरं", आणि फोन बंद.

"पुन्हा लावू?"

"नगं. मला उमगाया जल्म गेला. त्यालाबी येळ लागंल."

पुढं माझी भिगवणला बदली झाली. निरोप घ्यायला गेले, पण मुलाचा फोन आला का, हे विचारवेना. आबांनी ओळखलं.

"न्हाय आला," ते म्हणाले. "पर त्याचा राग बराबर हाय, बाई. आता त्यो मला पटतोय."