आईच्या गाडीचा अ‍ॅक्सिलेटर

आई मध्य प्रदेशात बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर ती गाडी चालवायला शिकली आणि बालाघाटातल्याच एका ओळखीच्या माणसाकडून तिने जुनी, छोटी गाडी घेतली. मी नागपूरला नोकरी करते. सुट्टीत घरी आले होते आणि आम्ही दोघी लांजीला मावशीकडे जेवायला गेलो होतो.

परतताना दुपार कलली होती. किरणापूर मागे पडलं होतं आणि आमच्या पुढे धानाची पोती लादलेला एक ट्रॅक्टर रमतगमत चालला होता. समोरचा रस्ता मोकळा बघून आईने अ‍ॅक्सिलेटर दाबला, ट्रॅक्टर मागे टाकला आणि पाय उचलला. गाडी मात्र हळू व्हायला तयार नव्हती. वेग वाढतच चालला होता. मी वाकून पाहिलं, तर आईचा पाय वर आणि पेडल खालीच.

"चावी काढ," मी म्हणाले.

"चावी काढली तं स्टिअरिंग लॉक होते. तू चूप बस."

तिने क्लच दाबला, गाडी न्यूट्रल केली. इंजिन असं काही ओरडू लागलं की शेतातली माणसं वळून पाहू लागली. ब्रेक दाबत दाबत तिने गाडी रस्त्याच्या कडेला मातीत उतरवली. पूर्ण थांबल्यावरच चावी फिरवली. मी पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली.

गाडी थंड झाल्यावर पेडल आपोआप वर आलेलं दिसलं. दाबून पाहिलं, सोडून पाहिलं, अगदी व्यवस्थित. आम्ही हळूहळू घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडजवळच्या, गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. तो आईला 'सिस्टरजी' म्हणायचा. त्याच्या मुलांना लशी तिनेच टोचल्या होत्या. पायाखालची चटई पेडलला अडते का, ते त्याने आधी बघितलं. मग इंजिनात हवा सोडणारी झडप उघडून साफ केली. तिच्यावर काळी काजळी जमली होती. यामुळेच अडकत असेल, असं तो म्हणाला. आम्हालाही ते पटलं.

पण त्याच आठवड्यात वारासिवनीच्या रस्त्यावर पुन्हा तेच झालं. या वेळी वेग कमी होता, म्हणून लवकर सावरलं. भोपाळला असलेल्या माझ्या भावाला फोनवर हे कळलं तेव्हा तो काळजीत पडला. गाडी विकून टाक, कुठे जायचं तर ऑटो कर, या वयात हा ताप कशाला, असं तो आईला समजावत राहिला. आईने सगळं ऐकून घेतलं.

"विकाचं ते मंग पाहू," ती म्हणाली. "पण ज्याले विकीन, त्याच्या पायाखाली बी तसंच होईन ना. आधी काय झालं ते तं समजू दे."

त्या रात्री जेवताना ती मला दवाखान्यातलं सांगू लागली. मलेरियाचे रोगी सकाळी यायचे तेव्हा अंगात ताप नसायचा. काल संध्याकाळी हुडहुडी भरली होती, म्हणायचे. डॉक्टर तरी काय पाहणार? मग ती त्यांना सांगायची, ताप चढला की तसेच निघून या.

"आपण गाडी थंडी झाल्यावर नेली त्याच्याकडं," ती म्हणाली. "गरम असतानाच न्याले पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात आम्ही गोंदियाच्या रस्त्याने खालच्या गिअरमध्ये गाडी फिरवत राहिलो. पेडल जड वाटू लागलं तशी आई वळली आणि थेट मिस्त्रीच्या दारात येऊन थांबली. इंजिन बंद न करताच तिने त्याला बोलावलं.

त्याने स्वतः पेडल दाबून बघितलं. पेडल खाली गेलं आणि तिथेच राहिलं. चावी बंद करून त्याने बॉनेट उघडलं आणि पेडलपासून झडपेपर्यंत जाणारी केबल झडपेकडून सोडवली. झडप खटकन बंद झाली. म्हणजे तिचा दोष नव्हता. पेडलकडचं टोक सोडवलं, तर पेडलही मोकळं. उरली केबल. त्याने तिची तार ओढून पाहिली, ती आतल्या आत घासत होती. मी मोबाईलचा उजेड धरला. आई चष्मा सावरून केबलवरून बोट फिरवत गेली.

"इथं पाहा."

एका जागी केबलचं प्लास्टिकचं आवरण एक्झॉस्टच्या पाइपला टेकून चपटं झालं होतं. तिला पाइपपासून दूर धरणारी क्लिप कधीतरी निघून पडली असावी. पाइप तापला की आवरण मऊ पडून तारेला धरून ठेवायचं.

"ठंडी में तो ये कभी पता नहीं चलता, सिस्टरजी," मिस्त्री म्हणाला आणि आम्हाला दोघींना बसायला स्टूल दिले.

तसली केबल बालाघाटात मिळाली नाही. गोंदियाहून बसने मागवावी लागली. ती आल्यावर मिस्त्रीने क्लिपही नवीन बसवली आणि केबल पाइपपासून चांगली लांब बांधली. आईचं तेवढ्याने समाधान झालं नाही. त्याला शेजारी बसवून तिने पुन्हा तशीच उन्हात गाडी तापवली. दर वेळी पेडल पायामागोमाग वर येत होतं.

सुट्टी संपली तेव्हा ती मला गोंदिया स्टेशनवर सोडायला आली. वाटेत मावशीच्या सुनेबद्दल, आमच्या वॉर्डातल्या बुद्धविहारात बसवायच्या नव्या पंख्यांबद्दल बोलत होती. मी म्हटलं, माझी रेल्वे येईपर्यंत थांब ना. ती म्हणाली, अंधार पडायच्या आत घरी पोचायचं आहे. माझी बॅग उतरवून दिली, पोचल्यावर फोन कर म्हणाली आणि रिक्षांच्या गर्दीतून सावकाश गाडी काढून निघून गेली.