वीस वर्षांनंतरची वाटी

ऐंशीच्या दशकात आमची संस्था मुलुंडला चाळीतल्या एका खोलीत चालायची. सरकार आज जो कर माफ करतं, जे कर्ज काढतं, त्याचा भार वीस वर्षांनी कोणावर पडेल तेही बजेटमध्ये लिहा, एवढीच आमची मागणी. पण व्याख्यानांना आमचीच माणसं यायची. शेवटी मी वैतागून म्हटलं, चाळीच्या सत्यनारायणाला बोलू या, तिथे प्रसाद मिळेपर्यंत कोणी उठत नाही.

आरती झाल्यावर मी प्रसादाच्या शिऱ्याच्या वाट्या पाटावर मांडल्या. ही रस्त्यांची, ही शाळांची, ही कर्जाच्या व्याजाची. शेवटची वाटी अजून न जन्मलेल्या मुलांची, तिला कोणी हात लावायचा नाही. लोक चक्क ऐकत होते. मग सगळा शिरा वाटून संपला आणि ती एक वाटी पाटावर राहिली.

तेवढ्यात आमदार आले, नेहमीप्रमाणे उशिरा. आलेल्याला प्रसादाशिवाय पाठवायचं नाही, ही चाळीची रीत. शेजारच्या काकूंनी परात पाहिली, ती रिकामी. मी "अहो काकू" म्हणेपर्यंत ती वाटी साहेबांच्या हातात होती आणि बघता बघता अर्धी झाली.

ती कोणाची होती, ते मी फणकाऱ्याने सांगून टाकलं. सगळी चाळ त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. साहेबांनी उरलेला शिरा बोटाने पुसून खाल्ला, मनापासून हसले आणि म्हणाले, "झकास झालाय. अजून आहे का?"